देवळालीचे अंक आणि घरगुती गणकयंत्रें

नाशिक रोड सोडून मुंबईच्या वाटेला लागलें कीं पहिलें स्थानक येतें तें देवळालीचें. ह्या गांवाच्या नांवाचा इंग्रजी भाषेंत एक विचित्र वंशज आहे. गोऱ्या फौजेंतील मुदत संपलेले शिपाई मायदेशीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणींत महिनेच्या महिने पडून राहत. उष्मा, ज्वर आणि रिकामपण ह्यांनीं त्यांतील कित्येकांचीं डोकीं फिरत, आणि त्यावरून 'डुलॅली' हा शब्द 'वेडा' ह्या अर्थानें इंग्रजींत रूढ झाला. त्याच देवळालींत १९३० पासून १९६२ पर्यंत एक शाळामास्तर शिकवीत होते. त्यांनाहि एक वेड होतें. मात्र तें आंकड्यांचें होतें. त्या वेडाचें आणि पुढें पाश्चात्त्य देशांत घरोघर शिरलेल्या छोट्या गणकयंत्रांचें नातें पाहिलें असतां 'क्षुल्लक' हा शब्द कोठें वापरावा आणि कोठें वापरूं नये, ह्याचा कांहींसा उलगडा होतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. आठव्या वर्षीं मातृवियोग घडला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आंकडेमोड आलीच. मुलाला आंकड्यांची गोडी लागली ती ह्या वाटेनें. ठाण्यास शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गेले. तेथें १९२७ सालीं स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें, आणि १९२९ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. ह्यापुढील शिक्षण त्यांना लाभलें नाहीं. वही, पेन्सिल आणि शाळेच्या कामांतून उरलेला वेळ, एवढ्याच भांडवलावर त्यांचें संशोधन चाललें.

त्या संशोधनाला त्यांनीं दिलेलीं नांवेंच पाहावीं. डोंबिवलीच्या स्थानकावर ज्या संख्यांची कल्पना त्यांना सुचली, त्यांना त्यांनीं स्थानकाच्या जुन्या नांवावरून 'डेम्लो संख्या' म्हटलें. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते, ती 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. १८ ही अशी संख्या आहे. १ आणि ८ मिळून ९, आणि ९ नें १८ ला पूर्ण भाग जातो. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळविले कीं पुन्हां ४५. असल्या संख्यांना पुढें जगानें 'कापरेकर संख्या' हें नांव दिलें. २९७ चा वर्ग ८८,२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७, तेव्हां तीहि त्याच कुळांतली.

परंतु त्यांचें नांव दूरवर गेलें तें ६१७४ ह्या एका संख्येमुळें. ती त्यांच्या हातीं १९४६ सालीं लागली. कृति प्राथमिक शाळेंतील मुलालाहि जमेल अशी आहे. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारहि अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडावे, आणि त्या संख्येंतून तेच अंक चढत्या क्रमानें मांडून होणारी संख्या वजा करावी. बाकी येईल तिच्यावर पुन्हां तीच कृति करावी. कापरेकर देवळालीस आले तें १९३० हें सालच घेतलें, तर ९३१० वजा ०१३९ म्हणजे ९१७१. पुढें ९७११ वजा ११७९ म्हणजे ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. येथून पुढें हलतां येत नाहीं, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हां ६१७४च. आरंभ कोठूनहि केला तरी फार तर सात पावलांत ह्याच मुक्कामीं यावें लागतें.

ही गोष्ट कापरेकरांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडली, आणि १९५५ सालीं ती अमेरिकेंतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' ह्या नियतकालिकांत छापली गेली. तरीहि येथील गणितज्ञांपैकीं अनेकांनीं त्यांच्या कामाची गणना गंभीर गणितांत केली नाहीं. पुष्कळसें लेखन त्यांना स्वतःच्या खर्चानें, लहान पुस्तिकांच्या रूपानें छापावें लागलें. ह्यांत केवळ द्वेष किंवा उपेक्षा होती असें म्हणतां येणार नाहीं. केंब्रिजचे थोर गणिती जी. एच. हार्डी ह्यांनीं १९४० सालच्या आपल्या एका ग्रंथांत ह्याच जातीच्या आंकड्यांचीं उदाहरणें घेऊन, तीं कोड्यांच्या स्तंभांत शोभतील, गणितज्ञाच्या मनाला त्यांत कांहीं नाहीं, असा अभिप्राय दिला होता. आक्षेपाला आधार होता. ६१७४ चा गुण संख्येच्या अंगचा नसून ती दहाच्या पटींत लिहिण्याच्या आपल्या रीतीचा आहे. माणसाला दहाऐवजीं आठ बोटें असतीं आणि तो आठाच्या पटींत मोजूं लागला असता, तर देवळालीची ही वजाबाकी ६१७४ ला येऊन थांबली नसती.

कापरेकर अशा रीतीनें वहींत वजाबाक्या मांडीत होते, त्याच काळांत मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत भारतांत घडविलेलें पहिलें इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आकारास येत होतें. आर. नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं प्रथम एक नमुना यंत्र १९५६ सालीं चालूं झालें, आणि १९६० सालीं पूर्ण यंत्र उभें राहिलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण झालें. रेडिओंत असत तशा जातीचे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक त्यांत होते. त्याची स्मृति चाळीस-चाळीस द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापानें १०,२४० बाइट. हें यंत्र १९६५ पर्यंत शास्त्रज्ञांच्या उपयोगीं पडलें. असलें यंत्र एखाद्याच्या दिवाणखान्यांत जाईल, ही कल्पना तेव्हां कोणालाहि हास्यास्पद वाटली असती. मुंबईपासून देवळाली शे-सव्वाशें मैलांवर. पण मास्तरांची वही आणि तें यंत्र ह्यांच्यामधील अंतर मैलांनीं मोजण्यासारखें नव्हतें.

तें अंतर कमी होण्यास कारण झाली ती हिशेबाची साधी पेटी, ज्याला आपण कॅल्क्युलेटर म्हणतों. बुसिकॉम ह्या जपानी कंपनीला आपल्या हिशेबयंत्रासाठीं चिपांचा संच हवा होता. त्या मागणींतून इंटेल कंपनीनें १९७१ सालीं ४००४ ही चिप बाजारांत आणली. तींत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि गणकयंत्राचा सारा विचार करणारा भाग नखाएवढ्या जागेंत मावला होता. पुढील इतिहासांतहि हीच वंशावळ दिसते. घरगुती यंत्रें काढणाऱ्या अमेरिकेंतील एमआयटीएस आणि कमोडोर व इंग्लंडांतील सिंक्लेअर, ह्या तिन्ही कंपन्या आधीं हिशेबयंत्रेंच विकीत होत्या. ॲपलचें यंत्र रचणारे स्टीव्ह वॉझनियॅक हे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या हिशेबयंत्रांच्या विभागांत नोकरीस होते, आणि पहिल्या यंत्रांसाठीं भांडवल उभें करतांना त्यांनीं आपलें स्वतःचें हिशेबयंत्र विकलें होतें.

ह्या वंशावळीची एक खूण यंत्रांच्या पोटांत राहून गेली, आणि कापरेकरांच्या अंकांशीं तिचा निकटचा संबंध आहे. यंत्राला दहा बोटें नाहींत. विजेचा दाब आहे किंवा नाहीं, एवढ्या दोनच अवस्था त्याला कळतात. म्हणून त्याचें सारें लेखन शून्य आणि एक ह्या दोन अंकांत चालतें. त्या लिपींत ६१७४ ही संख्या ११००००००११११० अशी लिहावी लागते. छोट्या यंत्रांचा प्रोसेसर एका वेळीं आठ अंकांचा एक गट, म्हणजे एक बाइट, हाताळी. एका बाइटांत २५५ हून मोठी संख्या मावत नाहीं. तेव्हां ६१७४ साठीं दोन बाइट लागत, आणि त्यांत २४ व ३० हे आंकडे ठेवले जात. कारण २५६ ची २४ पट म्हणजे ६१४४, आणि त्यांत ३० मिळविले कीं ६१७४. ह्या वेषांत देवळालीचे चार अंक ओळखूंहि येत नाहींत.

परंतु हिशेबयंत्रांच्या वंशांतून आल्यामुळें ह्या प्रोसेसरांना दुसरीहि एक रीत ठाऊक होती. प्रत्येक दशमान अंकास बाइटाचा अर्धा भाग द्यावयाचा, म्हणजे एका बाइटांत ६१ आणि दुसऱ्यांत ७४ जशाचे तसे लिहितां येतात. आणि बेरीज-वजाबाकीनंतर उत्तर पुन्हां दशमान मेळांत आणून द्यावयाचें. इंटेलची ८०८० आणि झायलॉगची झेड-८० ह्या चिपांत ह्या दुरुस्तीसाठीं स्वतंत्र आज्ञा होती. १९७५ सालीं अवघ्या २५ डॉलरांना विकली जाऊं लागलेली ६५०२ ही चिप तर एका खुणेनिशीं सरळ दशमानांतच बेरीज-वजाबाकी करूं लागे. यंत्र माणसाच्या घरांत यावयाचें तर त्याला माणसाच्या दहा बोटांशीं कांहींतरी तडजोड करणें प्राप्तच होतें. ज्या दशमान लेखनाला हार्डींसारखे गणिती केवळ बाह्य उपाधि मानीत, त्याच्यासाठीं कारखानदारांनीं मोलाच्या सिलिकॉनांत जागा राखून ठेवली होती.

१९७५ ह्या सालाचा आरंभ ह्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जानेवारींत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' ह्या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर एमआयटीएसच्या 'अल्टेअर ८८००' ह्या यंत्राचें चित्र झळकलें. सुटे भाग घेऊन घरीं जोडावयाचें हें यंत्र सुमारें ४०० डॉलरांचें होतें. त्याला कळफलक नव्हता, पडदा नव्हता. पुढच्या पाटीवरच्या खटक्या खालीवर करून आज्ञा द्यावयाच्या आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापींतून वाचावयाचें. मूळ स्मृति २५६ बाइटांची. मार्चच्या ५ तारखेला कॅलिफोर्नियांत मेन्लो पार्क येथें एका गॅरेजांत अशा यंत्रांच्या हौशी मंडळींची पहिली बैठक भरली, आणि तींतून 'होमब्रू कॉम्प्यूटर क्लब' निघाला. त्याच मार्चच्या 'सायंटिफिक अमेरिकन' ह्या मासिकांत मार्टिन गार्डनर ह्यांनीं आपल्या गणिती खेळांच्या स्तंभांत देवळालीच्या कापरेकरांची ओळख जगाला करून दिली. कापरेकर तेव्हां सत्तर वर्षांचे होते. शाळेंतून निवृत्त होऊन तेरा वर्षें झालीं होतीं, पत्नी १९६६ सालीं निवर्तल्या होत्या, आणि अपुऱ्या निवृत्तिवेतनास जोड म्हणून ते शिकवण्या करीत होते.

ह्या दोन घटनांत कोणी योजना पाहूं नये. पण दोहोंचा वाचकवर्ग पुष्कळसा एकच होता. १९७० सालीं गार्डनर ह्यांच्याच स्तंभांतून प्रसिद्ध झालेला जॉन कॉनवे ह्यांचा 'लाइफ' हा चौकटींचा खेळ गणकयंत्रांवर बसविण्याची अशीच झुंबड उडाली होती. ज्याच्या घरीं यंत्र येतें, त्याला यंत्राजोगें कांहीं काम हवें असतें. थोड्या जागेंत मावणारें, नियम दोन ओळींत सांगतां येणारें, आणि उत्तर आधीं ठाऊक नसणारें, असें काम कापरेकरांच्या वहींत जागोजाग होतें.

१९७७ सालीं अमेरिकेंत ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हीं तीन तयार यंत्रें एकाच वर्षांत बाजारांत आलीं, आणि घरगुती गणकयंत्र हा शब्द खऱ्या अर्थानें सुरू झाला. इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांनीं त्याहून स्वस्ताईचा ध्यास घेतला. १९८० सालचें त्यांचें झेडएक्स-८० शंभर पौंडांच्या आंत होतें. १९८१ सालचें झेडएक्स-८१ सत्तर पौंडांच्या आंत. ही स्वस्ताई कशानें साधली, हें पाहण्यासारखें आहे. आधींच्या यंत्रांतील वीसएक चिपांचें काम चार-पांच चिपांवर आणलें. पडद्याच्या जागीं घरचा दूरचित्रवाणी संच, आणि आज्ञावली सांठविण्यास घरचाच कॅसेट टेपरेकॉर्डर. पडद्यावर चित्र काढण्याचें कामहि प्रोसेसरच्याच गळ्यांत बांधलें. त्यामुळें हिशेब भराभर हवा असेल तर 'फास्ट' ही आज्ञा देऊन पडदा विझवावा लागे, आणि अक्षरें दिसावयास हवीं असतील तर 'स्लो' म्हणून मंद गति पत्करावी लागे. स्मृति १,०२४ बाइटांची. पडद्याचे सारे ७६८ अक्षरचौकोन भरले, तर आज्ञावलीस जवळजवळ जागाच उरत नसे.

अशा कोंडींतून जी हिकमत जन्मास आली ती मोठी गमतीची आहे. सिंक्लेअरच्या बेसिक भाषेंत 'प्रिंट' सारखा अख्खा शब्द एका कळेनें उमटे आणि एकाच बाइटांत सांठविला जाई. पण आज्ञावलींत साधें शून्य लिहिलें तर त्याला मात्र सात बाइट लागत, कारण अंकामागें त्याचें यंत्राला समजणारें रूपहि लपून बसे. म्हणून चतुर मुलें शून्याच्या ऐवजीं 'नॉट पाय' लिहीत. पाय म्हणजे वर्तुळाचा परिघ आणि व्यास ह्यांचें गुणोत्तर, तें शून्य नाहीं, म्हणून त्याचा नकार शून्य! हें दोन बाइटांत भागे. एकाच्या ऐवजीं 'साइन ऑफ पाय' ह्या अर्थाची एस-जी-एन पाय ही आज्ञा, तिनाच्या ऐवजीं पायचा पूर्णांक. संख्येचें मोल एक आणि ती लिहिण्याचा खर्च दुसरा, हा भेद ह्या मुलांना पुस्तकावांचून कळला. संख्या कशी लिहिली जाते ह्याकडे पाहण्याची ही दृष्टि आणि देवळालीच्या मास्तरांची दृष्टि ह्यांत सख्खें नातें आहे.

२३ एप्रिल १९८२ रोजीं सिंक्लेअर ह्यांचें झेडएक्स स्पेक्ट्रम आलें. रबरी कळा, रंगीत चित्र, झेड-८० जातीची सेकंदास पस्तीस लाख ठोक्यांची चिप, आणि १२५ पौंडांना १६ किंवा १७५ पौंडांना ४८ किलोबाइट स्मृति. म्हणजे टिफ्रॅकच्या जवळजवळ पांचपट स्मृति एका पाटीएवढ्या पेटींत, शाळकरी मुलाच्या मेजावर आली. आज्ञावली कॅसेटवर ध्वनीच्या रूपानें सांठविली जाई. मोठीशी आज्ञावली टेपवरून यंत्रांत जाण्यास चार-पांच मिनिटें लागत, आणि तेवढा वेळ कर्कश किलबिलाट चाले. आज्ञावली म्हणजे शेवटीं ध्वनिच, तेव्हां ती आकाशवाणीवरूनहि कां पाठवूं नये? हॉलंडच्या 'हॉबीस्कूप' ह्या रेडिओ कार्यक्रमानें तेंच केलें. श्रोत्यांनीं तो किलबिलाट आपल्या टेपवर उतरून घ्यावा आणि यंत्रास ऐकवावा, अशी ती योजना होती.

भारतांत हीं यंत्रें उशिरां आलीं. आयातीवरील निर्बंध आणि जबर जकात ह्यांमुळें परदेशी यंत्र घरीं असणें ही फार थोड्यांना परवडणारी चैन होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानें हे निर्बंध कांहींसे सैल केले. त्याच सुमारास सरकारनें 'क्लास' नांवाची योजना काढून अडीचशेंच्या सुमारास शाळांत बीबीसी मायक्रो हीं यंत्रें दिलीं. ब्रिटनच्या नभोवाणी संस्थेनें लोकशिक्षणासाठीं आपलें नांव दिलेलें हें यंत्र ६५०२ चिपेवर चालणारें होतें. १९८६ सालीं डेसिबेल्स ह्या भारतीय कंपनीनें परवाना घेऊन स्पेक्ट्रमचीच सुधारलेली आवृत्ति 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ह्या नांवानें विकावयास काढली. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें खुद्द सिंक्लेअर ह्यांनीं आपला गणकयंत्रांचा व्यवसाय ५० लाख पौंडांना ॲमस्ट्रॅड कंपनीस विकून टाकला. आणि त्याच वर्षीं देवळालीस कापरेकरांचें निधन झालें.

आतां समजा, असें एखादें स्पेक्ट्रम यंत्र नाशकांतील एखाद्या घरीं मेजावर आहे, आणि ६१७४ विषयींचें मास्तरांचें विधान खरें कीं खोटें हें त्याच्याकडून पडताळून घ्यावयाचें आहे. सरळ मार्ग असा कीं, ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजार संख्यांतून सर्व अंक एकच असलेल्या दहा वगळाव्या, आणि उरलेल्या ९,९९० संख्या एकामागून एक कृतींतून काढाव्या. प्रत्येकीस सरासरी चार-पांच पावलें लागतात. प्रत्येक पावलांत अंक सुटे करणें, क्रमानें लावणें, जोडणें, वजा करणें, तुलना करणें, अशा बऱ्याच आज्ञा येतात, आणि बेसिक भाषेंत हें यंत्र सेकंदास दोनशेंहून अधिक आज्ञा क्वचितच उरकतें. म्हणजे काम तासांवर जातें. मुलानें सकाळीं आज्ञावली सोडून शाळेस जावें, आणि परत आल्यावर निकाल पाहावा.

परंतु थोडा विचार केला तर दुसरा मार्ग सांपडतो. उतरत्या क्रमानें लावलेल्या चार अंकांत पहिल्या व शेवटच्या अंकांमधील अंतर आणि मधल्या दोन अंकांमधील अंतर, हीं दोनच अंतरें वजाबाकीचें उत्तर ठरवितात. पहिल्या अंतराची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट ह्यांची बेरीज म्हणजेच ती बाकी. ७६४१ चीं अंतरें ६ आणि २. सहाची ९९९ पट ५,९९४, दोहोंची ९० पट १८०, मिळून ६१७४. पहिलें अंतर १ पासून ९ पर्यंत असूं शकतें, आणि दुसरें पहिल्याहून मोठें कधींच नसतें. म्हणून अशा जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. आरंभीच्या ९,९९० संख्या एकाच पावलांत ह्या ५४ घरांत येऊन बसतात. आतां तपासावयाच्या त्या एवढ्याच. तेंच मंद यंत्र हें काम मिनिटा-दोन मिनिटांत करतें. आणि यंत्र नसेल तर कागद-पेन्सिल घेऊन एका संध्याकाळीं कोणालाहि तें पुरें करतां येतें.

मंद यंत्राचा खरा उपकार हा होता. त्याच्यापुढें बसणाऱ्याला विचाराची किंमत तत्काळ, घड्याळांत मोजून, पदरांत मिळे. आजच्या खिशांतील दूरध्वनि ९,९९० संख्या आणि ५४ संख्या दोन्ही एकाच क्षणांत तपासून मोकळा होतो, आणि दोहोंमधील फरक वापरणाऱ्याच्या ध्यानींहि येत नाहीं. १,०२४ बाइटांच्या यंत्रावर वाढलेली पिढी आणि एका वहीवर आयुष्य काढणारे शाळामास्तर, दोघांनाहि साधनाची कमतरता होती. आणि त्या कमतरतेमुळें दोघांनाहि प्रश्न हातांत घेऊन उलटसुलट पाहण्याची संवय लागली. यंत्रानें ६१७४ चें विधान पडताळलें असतें. परंतु अंक उतरते व चढते लावून वजा करून पाहावे, हें त्याला कधींच सुचलें नसतें. तें सुचलें देवळालीस.

हार्डींचा आक्षेप ह्यानें खोटा ठरत नाहीं. ६१७४ मधून एखादा महान सिद्धांत निघाला, असें कोणी म्हणणार नाहीं. पण गणिताच्या मोठ्या मंदिराला जशी गाभाऱ्याची गरज आहे, तशीच मुलांना चढतां येईल अशा पायऱ्यांचीहि आहे. जगांतील कित्येकांनीं गणकयंत्राला स्वतःच्या बुद्धीनें विचारलेला पहिला प्रश्न ह्याच पायरीवरचा असूं शकतो, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

कापरेकरांनीं आपल्या गांवाचें नांवहि एका जातीच्या संख्यांना दिलें होतें. कोणत्याहि संख्येंत तिचेच अंक मिळवावे म्हणजे नवी संख्या जन्मास येते. पारितोषिक मिळालें त्या १९२७ मध्यें त्याच सालाचे अंक, १, ९, २ आणि ७, मिळविले तर १९४६ येतात, म्हणजे ६१७४ सांपडली तें साल. टिफ्रॅक थांबलें त्या १९६५ मध्यें तसेंच केलें तर १९८६ येतात. अशा योगायोगांनीं सिद्ध कांहींच होत नाहीं; परंतु कापरेकर त्यांवर निश्चित खुष झाले असते. आतां कांहीं संख्या अशा आहेत कीं त्यांना ह्या रीतीनें जन्म देणारी दुसरी संख्याच नाहीं, त्या स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ ह्या त्यांपैकीं पहिल्या, आणि शंभरांच्या आंत अशा तेरा आहेत. कापरेकरांना त्यांचें 'देवळाली संख्या' हें नांव प्रिय होतें. जगांत मात्र 'सेल्फ' संख्या हें नांव रूढ झालें, आणि १९७४ सालीं कोलंबियाच्या एका गणित्यानें त्याच स्वतंत्रपणें मांडल्यावर 'कोलंबियन' हेंहि नांव चालूं लागलें.

स्पेक्ट्रमच्या स्मृतींत एका संख्येस एक खूण ह्या बेतानें तीन लाखांपर्यंतच्या देवळाली संख्या वेंचून काढतां येतात: प्रत्येक संख्येपासून जन्मणाऱ्या संख्येवर खूण करीत जावें, आणि शेवटीं ज्या कोऱ्या राहतील त्या स्वयंभू. तसलें यंत्र आज वस्तुसंग्रहालयांत किंवा हौशी माणसाच्या माळ्यावरच सांपडावयाचें. पण शंभरांपर्यंतच्या तेरा संख्या शोधण्यास यंत्र लागत नाहीं. पाटीवर शंभर आंकडे मांडून एका पावसाळी दुपारीं घरांतील मुलांनीं त्या शोधाव्या, आणि सांपडल्यावर त्यांना देवळालीच्याच नांवानें ओळखावें.